निळ्या गाडीला करपा

माझ्या गाडीचा पहिला तुकडा गटाराच्या दिशेने वाहत निघाला होता आणि मी त्याला खंड्या पक्ष्याचं पीस समजून बायकोला हाक मारली.

जानेवारीतला रविवार होता. सकाळचे आठ. मी हाफ पँट घालून, हातात पाइप धरून गाडी धूत होतो. बॉनेटवरून पाणी ओघळलं आणि त्याबरोबर नखाएवढं काहीतरी निळंशार तरंगत खाली आलं. "प्रभा, लवकर बघ, खंड्याचं पीस!" मी ओरडलो. प्रभावती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिने वाकून पाण्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि कपड्याचा चिमटा तोंडातून न काढता म्हणाली, "पीस कसलं? तुमचं बॉनेट बघा आधी."

बॉनेटवर एक राखाडी डोळा उघडला होता. तो माझ्याकडेच बघत होता.

दसऱ्याला घेतलेली गाडी! चार महिनेही झाले नव्हते. कंपनीचं नाव मी सांगत नाही. हवेत उच्चारलं तर त्याचंही एखादं अक्षर गळून पडायचं. किंमतही सांगत नाही. माझी बायको माहेरी निम्मी सांगते, मी मित्रांत दीडपट सांगतो, त्यामुळे खरी किंमत आता आमच्याही लक्षात राहिलेली नाही. मात्र रंगाचं नाव सांगायलाच हवं. कोस्टल ब्ल्यू! शोरूममधल्या वेदिका नावाच्या मुलीने ते इतक्या गोड आवाजात उच्चारलं होतं, की रत्नागिरीत मांडवीच्या वरच्या अंगाला राहून खिडकीतून रोज बघितलेला समुद्र मला तेव्हा पहिल्यांदाच दिसला. "सर, खास किनारपट्टीच्या लोकांसाठी काढलाय हा रंग," ती म्हणाली होती. मी किनारपट्टीचा माणूस. मला वाटलं, माझ्यासाठीच काढला.

आता खरं सांगतो. तो राखाडी डोळा बघून मला राग यायला हवा होता. पण आला तो उत्साह! मी राजाराम गमरे. एकतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसलो आणि गेल्या जूनमध्ये निवृत्त झालो. त्यानंतर सात महिने मी कोणालाही एक ओळ लिहिली नव्हती. सात महिन्यांत एकही कागद माझ्या हातून गेला नव्हता की माझ्यापर्यंत आला नव्हता. आणि आज, भर रविवारी, मला एक प्रकरण मिळालं होतं. पाइप तसाच टाकून मी वर धावलो, फाइल शोधली, पंचिंग मशीन शोधलं आणि अंघोळीच्या आधी अर्ज लिहून मोकळा झालो. विषय: वाहनाचा रंग गळत असणेबाबत.

तोवर खाली गर्दी जमली होती. म्हणजे आप्पा गोंधळेकर आले होते. पण आप्पा एकटे आले तरी गर्दीच होते. आमच्या सागरछाया सोसायटीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. पावसच्या बाजूला त्यांची हापूसची बाग आहे, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूकडे ते कलमाकडे बघावं तसं बघतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बॉनेटवर नाक टेकवलं आणि सरळ उभे राहत निकाल दिला.

"गमरे, हा करपा."

"आप्पा, गाडी आहे ती."

"असूदे की. डाग बघा ना. मधे राखाडी, कडा फुगलेल्या. हा पसरणार. आज बॉनेटवर आहे, महिन्याभरात दरवाजांवर. छपरावर चढला की मग हातची गेली म्हणून समजा. फवारणी करा."

"कसली फवारणी?"

"ते मी बघतो. पंप आहे माझ्याकडे."

तो पंप मी त्या दिवशी कसाबसा परतवला. पण आप्पांचं निदान चुकलं नाही, हे इथे प्रांजळपणे नमूद करतो. फेब्रुवारी संपेपर्यंत करपा दोन्ही दरवाजांवर पोचला होता. आमच्या सोसायटीच्या सचिव आनंदीबाई शेट्ये, निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी फलकावर सूचना लावली: 'सभासदांनी आपापल्या वाहनांचे तुकडे सोसायटीच्या आवारात पडू देऊ नयेत.' वाहनांचे, असं अनेकवचन होतं. तुकडे पडणारं वाहन एकच होतं. सगळे सभासद ती सूचना वाचून माझ्याकडे बघत, आणि मी आकाशाकडे.

कंपनीचं उत्तर आलं. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेमुळे होणारं नुकसान वॉरंटीत बसत नाही. तरीही विचार व्हावा असं वाटत असेल, तर गाडी भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर उभी असते याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

दाखला! मला त्या शब्दाने तरतरी आली. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि एका कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या माणसाने माझा अर्ज दोनदा वाचला, पाठीमागून वाचला, उजेडात धरून वाचला.

"देता येईल," तो म्हणाला, "पण नमुना कुठाय?"

"कसला नमुना?"

"दाखल्याचा. असा दाखला आम्ही कधी दिला नाही, म्हणजे नमुना नाही. नमुना नाही, म्हणजे दाखला नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. काय सफाई! मी टेबलावर असतो तर हेच म्हटलं असतं, पण इतक्या कमी शब्दांत नाही. त्याला मनातल्या मनात नमस्कार करून मी बाहेर पडलो आणि अंतर स्वतःच मोजायचं ठरवलं.

कलमांच्या खड्ड्यांमधलं अंतर मोजायची तीस मीटरची टेप आप्पांकडे होती. त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं. पाण्यापासून सुरुवात केली. दर तीस मीटरला मी रस्त्यावर खडूने फुली मारायचो आणि मोठ्याने आकडा म्हणायचो. तिसऱ्या फुलीला टपरीवाला बाहेर आला. पाचव्या फुलीला चार दुकानदार आणि एक मासेवाली.

"साहेब, रस्ता वाढतोय काय?"

"नाही नाही, खाजगी काम आहे," मी म्हणालो. खाजगी म्हटल्याबरोबर त्यांचे चेहरे आणखीच पडले.

"आमची टपरी जाणार काय मग? फुली अगदी पायरीवर मारलीत."

आप्पांनी उगाचच गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "अजून नक्की नाही." झालं! त्या सकाळी आम्हाला चार चहा, दोन शहाळी आणि एका टोपलीतून सहा बांगडे मिळाले. बांगडे मी परत केले. आप्पा शाकाहारी असूनही त्यांना ते परत करण्याचं फार वाईट वाटलं. संध्याकाळी व्यापाऱ्यांचं एक शिष्टमंडळ सोसायटीच्या गेटवर आलं, आणि ही मोजणी फक्त एका निळ्या गाडीसाठी होती हे पटवताना मला ती गाडी त्यांना दाखवावी लागली. ते फार हळहळले. एकाने तर टोपी काढली.

अंतर भरलं सहाशे साठ मीटर. मी ते आप्पांच्या साक्षीनिशी कळवलं आणि सोबत कंपनीचं स्वतःचं माहितीपत्रक जोडलं. त्यात कोस्टल ब्ल्यू गाडी ओल्या वाळूत उभी होती आणि लाटा तिच्या चाकांना पाणी लावत होत्या! हा माझा हुकमी एक्का होता. कंपनीने आठ दिवसांत कळवलं की छायाचित्र केवळ निदर्शक आहे, आणि तसंही छायाचित्रातली गाडी ग्राहकाला दिलेली नाही. शिवाय आता त्यांना संशय होता तो पक्ष्यांचा. पक्ष्यांच्या विष्ठेने रंग खराब होतो. त्याबाबत खुलासा करावा.

मी वेदिकाला फोन केला. "सर, काळजी करू नका," ती म्हणाली. तिचं हे वाक्य इतकं आश्वासक होतं की फोन ठेवल्यावर पाच मिनिटं मी खरोखरच काळजी केली नाही. सहाव्या मिनिटाला नवी वही आखायला घेतली.

पक्ष्यांची आवक-जावक नोंदवही! अनुक्रमांक, पक्ष्याचे नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, शेरा. सकाळी सात ते अकरा मी जिन्याच्या पायरीवर, अकरा ते एक आप्पा त्यांच्या बाल्कनीत. 'कावळा. ८.१२ आला. ८.१३ गेला. शेरा: निरंक.' अशी ओळ लिहिताना जो आनंद व्हायचा तो काय सांगू? आप्पांच्या नोंदी जरा सैल असत. 'कोकीळ, फक्त आवाज.' 'साळुंक्या दोन, भांडत होत्या, गाडीशी संबंध नाही.' प्रभावती चहा आणून द्यायची आणि कपाळाला हात लावून परत जायची. "निवृत्त झाल्यावर लोक विपश्यनेला जातात," ती एकदा म्हणाली. मी बोटाने गप्प राहायची खूण केली. पारवा उतरत होता.

अकरा दिवसांत त्रेचाळीस पक्षी आले. विष्ठेच्या नोंदी दोन, त्याही मागच्या काचेवर, जिथे रंगच नव्हता. मी वहीच्या प्रती पाठवल्या. उत्तर आलं: नोंदवहीवर पक्षीतज्ज्ञाची सही नाही.

आणि एवढ्यात गावाहून निरोप आला.

आमचं गाव देवरूखच्या वर, डोंगरात. चौदा एप्रिलची मिरवणूक तिथे मोठी निघते. मंडळाने ठरवलं होतं की यंदा बाबासाहेबांची तसबीर पहिल्यांदाच टेम्पोवर न ठेवता गाडीवर ठेवायची, आणि ती गाडी माझी. आमच्या वाडीतल्या माणसाची पहिली मोठी गाडी, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. पत्र हातात घेऊन मी खाली गेलो आणि गाडीसमोर उभा राहिलो. बॉनेटवर तेव्हा आफ्रिका खंड तयार झाला होता, आणि त्याच्या पायथ्याशी श्रीलंका.

त्या दिवशी मात्र मला पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. माझे वडील त्या गावातून रत्नागिरीला चालत आले होते. मी त्यांच्या वाडीत ही असली सोललेली गाडी घेऊन जाणार होतो. स्थानिक रंगाऱ्याकडे जावं, तर त्याचा हात लागताच वॉरंटी संपणार. न जावं, तर तसबीर कशावर ठेवायची?

"झेंडूने झाका," प्रभावती म्हणाली. तिला असं एका वाक्यात सुचतं आणि ते बरोबर असतं, हा माझ्या संसारातला एक जुना त्रास आहे.

आम्ही पहाटे देवरूखच्या बाजारातून फुलं घेतली. माळा घसरू नयेत म्हणून आंब्याच्या खोक्यांची रुंद चिकटपट्टी लावली. आफ्रिका झाकली, श्रीलंका झाकली, दोन्ही दरवाजे झाकले. गाडी अशी नटली की बँडवालेही थांबून बघायला लागले. माझी ऐंशीच्या पुढची तुळसा आत्या पांढरं शुभ्र पातळ नेसून पुढच्या सीटवर बसली. लेझीम, घोषणा, निळा गुलाल! मी पहिल्या गिअरमध्ये, तीन तास, ताठ मानेने गाडी चालवली. एकतीस वर्षांत इतक्या हळू मी फक्त फाइली चालवल्या होत्या, पण त्यात असा आनंद नव्हता.

मिरवणूक विहारापाशी संपली. तसबीर सन्मानाने आत नेली. आणि उत्साही मंडळींनी मला मदत म्हणून माळा उतरवायला घेतल्या. मी "थांबा" म्हणेपर्यंत चर्र, चर्र, चर्र असे आवाज झाले. चिकटपट्टीबरोबर रंग निघाला. पट्ट्यांच्या मापात, सरळ रेषेत, अगदी टोकापासून टोकापर्यंत. आता गाडी निळी राहिलीच नव्हती. ती राखाडी होती आणि तिच्यावर निळे चट्टे होते. सगळं गाव गोलाकार उभं होतं.

तुळसा आत्या काठी टेकत आली. तिने बॉनेटवरून हात फिरवला, जसा गुराच्या पाठीवरून फिरवतात.

"बाला, गाडी आपली हाय ना रं?"

"हो आत्या."

"कोनाची मागून आनलेली न्हाय ना?"

"नाही."

"मंग झाला तर. रंगाचा काय घेऊन बसलास?"

लोक हसले, मीही हसलो, डोळे मात्र पुसावे लागले. गुलाल गेला होता, असं मी सांगितलं. परत येताना हातखंब्याला मी गाडी बाजूला घेतली. मग म्हणालो, "प्रभा, आत्याचं बरोबर आहे. सोडून देतो सगळं."

"देवा!" असं ती कधी म्हणत नाही. त्या दिवशी म्हणाली.

मी खरंच सोडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर कंपनीचा संदेश आला: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कृपया आम्हाला पाच तारे द्या.'

निकाली! माझं प्रकरण, मला न विचारता, निकाली! अहो, आम्ही लोकांची प्रकरणं वर्षानुवर्षं ठेवली, पण न बघता निकाली कधी काढली नाहीत. त्याला एक नीतिमत्ता लागते. मी चहा बाजूला सारला आणि अर्ज क्रमांक अकरा लिहायला बसलो. साडेनऊ पानं झाला. परिशिष्ट अ ते ट. त्यात भरतीची रेषा होती, कोकीळ होती, माहितीपत्रकातल्या लाटा होत्या, मिरवणुकीचे फोटो होते, आणि शेवटी एकच मागणी: माझी गाडी एकदा डोळ्यांनी पाहा. पाच तारे मी पोस्टाने, कागदाचे कापून, 'रंग उडालेले' असा शेरा मारून जोडले.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूरच्या विभागीय कार्यालयातून तपासणी अधिकारी आले. सुजय निगुडकर. पस्तिशीचे, टाय लावलेले, उन्हाने लालबुंद झालेले. आणि आले कशातून? त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या, कोस्टल ब्ल्यू गाडीतून! अशी चकाकत होती की आप्पांनी बाल्कनीतूनच शीळ घातली. निगुडकरांनी ती गेटच्या आत जिथे सावली दिसली तिथे लावली आणि थेट कामाला लागले.

त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं. ते माझ्या गाडीला टेकवलं की टीं करायचं. दर टींला निगुडकर मान हलवायचे आणि मी वहीत नोंद करायचो.

"मिस्टर गमरे, मी स्पष्टच बोलतो," पाऊण तासाने ते म्हणाले. "हवा. ही तुमची हवाच खराब आहे."

"आमची हवा?" आप्पा एव्हाना खाली आले होते. "अहो, या हवेत हापूस पिकतो!"

"हापूसला मेटॅलिक पेंट नसतो," निगुडकर म्हणाले. "आमच्या कोल्हापूरला या रंगाची एक तक्रार नाही. माझी स्वतःचीच गाडी बघा. दसऱ्याचीच आहे. उन्हात असते, पावसात असते. आहे का कुठे ओरखडा?" असं म्हणत त्यांनी ऐटीत मागे वळून हात केला, आणि हात तसाच राहिला.

त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर एक मोठा कागद डकवलेला होता. 'पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वाहन उभे करू नये. सचिव.' सुवाच्य, वळणदार अक्षर. शेजारी आनंदीबाई हातात खळीचं पातेलं आणि ब्रश घेऊन उभ्या होत्या. बाजारचा डिंक त्या वापरत नाहीत. गव्हाच्या पिठाची खळ घरी शिजवतात. तीस वर्षं शाळेचे तक्ते त्यांनी त्याच खळीने चिकटवले आणि त्यांतले काही अजून निघालेले नाहीत.

"हे काय केलंत, बाई!" निगुडकर ओरडले.

"नियम," आनंदीबाई म्हणाल्या. "टँकर आलाय. झाकण उघडायचंय."

निगुडकर तरातरा गेले. एव्हाना सावली सरकून ऊन रणरणत होतं, पत्रा तापलेला, लावल्या लावल्या खळ कडक वाळलेली. त्यांनी कागदाचा एक कोपरा धरला आणि रागाने ओढला.

तो आवाज मी ओळखत होतो. विहारापाशी ऐकला होता.

कागद सबंध निघून आला. निगुडकरांनी तो उलटा करून पाहिला. पाठीमागून तो सुंदर, अखंड, झळाळता निळा होता. आणि बॉनेटवर कागदाच्या मापाचा एक राखाडी चौकोन होता, चारही कडा पट्टीने आखल्यासारख्या.

टँकरवाल्याने इंजिन बंद केलं. मग आप्पा पुढे झाले, वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि खोल दुःखाने म्हणाले, "अरेरे. घाटावरही पोचला हो!"

मला नाचावंसं वाटत होतं. पण निगुडकरांचा चेहरा बघून पाय उचलेना. ते जिन्याच्या पायरीवर, माझ्या पक्षी मोजायच्या जागेवर जाऊन बसले. टाय सैल केला. कागद मांडीवर धरलेला.

"कंपनीची नाही हो ही," ते हळूच म्हणाले. "माझ्या पगारातून घेतली. बायको म्हणत होती, पांढरी घ्या."

प्रभावतीने त्यांच्या हातात कोकम सरबताचा पेला दिला. असल्या वाक्याची किंमत तिला कळते.

त्यांनी एका दमात पेला संपवला आणि माझ्याकडे वर पाहिलं. "काका," ते म्हणाले. मिस्टर गमरे संपले होते. "तुमचा तो अकरावा अर्ज आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला. साहेबांनी तर जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवला. मला... मला तसा एक लिहून द्याल?"

मी आधी त्यांचा अहवाल लिहून घेतला: समुद्र, हवा आणि पक्षी निर्दोष, दोष रंगाखालच्या अस्तराचा. त्यांनी सही केली, आप्पांनी साक्षीदार म्हणून केली, आनंदीबाईंनी दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून केली. मग मी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि सुजय निगुडकरांच्या वतीने सात पानं लिहिली. पक्षी नव्हते, त्यामुळे अडीच पानं कमी भरली.

माझी गाडी पावसाआधी रंगून आली. पुन्हा निळीच, अस्तर मात्र या वेळी मी शोरूमच्या वर्कशॉपात स्टूल टाकून, समोर बसून लावून घेतलं. वेदिका म्हणाली, "सर, आता तरी काळजी करू नका." तीन पावसाळी महिने गेले, एक कपचा निघालेला नाही. आप्पा रोज सकाळी निराश होऊन परत जातात.

आणि परवा दुपारी कोल्हापूरहून फोन आला. सुजयचा आवाज अगदी दबका होता.

"काका, एक अडचण झालीय. माझा अर्ज मुंबईला मुख्य कार्यालयात गेला होता ना? तो चौकशीसाठी विभागीय तपासणी अधिकाऱ्याकडे पाठवलाय. म्हणजे माझ्याकडेच. समोर पडलाय. काय करू?"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. एकतीस वर्षं टेबलावर काढली, पण असा योग मला एकदाही आला नाही! अर्जदार तोच, अधिकारी तोच, आणि अर्ज माझ्या हातचा!

"मंजूर कर," मी म्हणालो. "पण आज नको. चार दिवस ठेव, एक त्रुटी काढ, ती स्वतःच पूर्ण कर, आणि मग मंजूर कर. नाहीतर संशय येतो."